शारदाबाईंचा तांब्या

रविवार, ८ मे १९८८
पौराणिक मालिका ऐन रंगात आलेली असताना संच बिघडला. चित्र वरून-खालून आक्रसले आणि पडद्याच्या मध्यावर एक आडवी पांढरी रेघ उरली. ध्वनी शाबूत. फार सुंदर दोष! इलेक्ट्रॉनचा झोत डावी-उजवीकडे धावतो आहे, फक्त वर-खाली जाणे थांबले आहे. जमलेल्या शेजाऱ्यांना हे हाताने रेघा ओढून समजावून सांगू लागलो.
शारदाबाई म्हणाल्या, "सर, शिकवणं मागून करा. देव कुठी गेले ते सांगा न!"
सगळे हसले. पाच मिनिटांत बैठक रिकामी. शा.बाईंनी जाताना आपला तांब्या उचलला. दोन दारे पलीकडे राहतात; दर रविवारी घरचे पाणी घेऊन येतात. आमचा माठ दाराशीच असतो. आई आग्रह करते, त्या म्हणतात, "आत्ताच पिऊन आली, आजी." मग मध्यंतरात आमच्याच चटईवर बसून स्वतःच्या तांब्यातले पितात. शिसारी येते.

सोमवार, ९ मे
कॉलेज सुटल्यावर सदरला टीव्हीच्या दुकानात. मालकाला दोष सविस्तर सांगितला, आकृतीही काढून दाखवली. त्याने ती पाहिली नाही.
"ब्लॅक अँड व्हाइट बनवून काय फायदा, सर? कलर घेऊन टाका. कलरमध्ये देवाचं पीतांबर पिवळंधम्मक दिसते."
संच न उघडताच निदान झाले! धंद्यातही देवच. उबग.

मंगळवार, १० मे
संच स्वतःच उघडला. (प्लग काढून बराच वेळ थांबलो, चित्रनळीत विद्युत्‌भार साठून राहतो. विद्यार्थ्यांना हे शंभरदा सांगतो, स्वतःही पाळतो.) मागचे झाकण काढले आणि किळस आली. आतल्या सर्किटच्या पाटीवर तुपाचा काळा थर, त्यात कुंकू, उदबत्तीची राख आणि करपलेल्या अक्षता. शा.बाई मालिकेपूर्वी संचावर निरांजन ठेवतात, ओवाळतात. सगळे वरच्या जाळीतून आत गेले. त्या थराखाली एक सांधा तडकलेला. दोष तोच.
आमच्या घरातला देव्हारा छप्पन साली, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा उठला. आईने स्वतःच्या हातांनी मूर्ती टोपलीत घालून नदीत सोडल्या. त्या घरात आज मी चिमट्याने अक्षता वेचतो आहे!

गुरुवार, १२ मे
निर्णय : दुरुस्ती नाही, नवा नाही. भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हावे. आईला तीन कारणे क्रमाने मांडून सांगितली. तिने तांदूळ निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकून घेतली.
"झालं? आता बनव त्याले."
"आई, तुला देव पाहायचे आहेत?"
"मले देव कायले पाहा लागते? ते लोक येतात, ते पाहाचं आहे. आमच्या गावात विहिरीवरच्या बाया वरून ओंजळीत पाणी टाकत, शिंतोडा उडाला तर शिव्या देत. तशीच बाई माह्या चटईवर मांडी घालून बसते."
"पण पाणी घरून आणते."
"मले दिसत नाही काय गा, बाबू?"
भंगारवाल्याचा बेत रद्द.

शनिवार, १४ मे
स्पिरिटने पाटी पुसली, सांध्याला नव्याने डाख दिला. चित्र पूर्ण! आनंद आवरेना. शा.बाईंना जाऊन सांगितले की संचावर काहीही ठेवायचे नाही, आणि का, तेही सांगितले.
"मग देवाले ओवाळाचं कुठून?"
"घरून ओवाळून या."
तोंड वाकडे केले. आईने माठ दारातून उचलून संचाशेजारी तिवईवर मांडला, वर पेला. मला विचारले नाही.

रविवार, १५ मे
बैठक भरली. उन्हाने भिंती तापलेल्या, पंखा गरम वारा फेकतो आहे. देव पडद्यावर आले तशा शा.बाई हात जोडून गुडघ्यांवर उठल्या आणि मांडीतला तांब्या कलंडला. सगळे पाणी चटईवर. थोड्या वेळाने त्यांना कोरडा ठसका लागला, थांबेचना. घरी जायला उठल्या तर देव सोडावा लागणार, उठल्या नाहीत. आईने माठातून पेला भरला, समोर धरला. वरून ओतायला नव्हे, हातात द्यायला.
"घे वं, शारदा."
पेला हातात घेतलेला मी पाहिला. त्याच क्षणी चित्र आक्रसून रेघ झाले, ओरडा झाला आणि मी संचामागे धावलो. जाळीवर ताज्या अक्षता! डोके उठले. बाहेर आलो तेव्हा बैठक उठलेली. तिवईवर पेला रिकामा. चटई आधीच ओली, त्यामुळे पाणी पोटात गेले की जमिनीवर, याला पुरावा नाही. शा.बाईंचा तांब्या मात्र इथेच राहिला आहे.
आईला विचारले, "प्यायल्या का?"
"तू मागं काहून गेला होता मग?"

सोमवार, १६ मे
तांब्या न्यायला कोणी आले नाही. आईने तो घासून माठाशेजारी पालथा ठेवला आहे.
"बनव, नाहीतर सदरचा तो कलर आण. रविवारी बंद नको," एवढेच म्हणाली.
झाकण काढून ठेवले आहे. अक्षता वेचायच्या बाकी.