घराला दार आहे, वन्सं

ती. वन्संना,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? ‘बरा आहे’ असं एका ओळीत कळवू नका. जिना चढताना बरा आहे की खुर्चीत बसल्या बसल्या बरा आहे, ते नीट सांगा. खुर्चीत बसल्यावर माझाही बरा असतो. सामान वर घ्यायला अजून खिडकीतून दोरीनं टोपलीच सोडता ना? मागच्या आठवड्यात टोपली वर आली ती शेजारणीच्या कांद्यांसकट, आणि तुम्ही ते परत न करता चिरून टाकलेत, हे तुमच्या बंधूंनी मला पोट धरून हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या माणसाचा बाकीच्या जगाशी संबंध एका टोपलीपुरता उरलाय, एवढंच मला त्यात दिसलं. (मी लगेच मन लावून घेते, हे तुम्ही लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ओळखलं होतंत. आता त्याला औषध नाही.) इकडे सगळे ठीक आहेत. माझी भूक तेवढी गेली आहे, आणि त्याला कारण तुम्ही आहात. रागावू नका. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

‘तुमचं घर बांधून होऊ दे, मग येईन,’ असं तुम्ही म्हणाला होतात. घर झालं. तुमच्या बंधूंनी हौसेनं फोटो काढला आणि मला न दाखवताच तुम्हाला पाठवून दिला. तुमचं उत्तर दोनच शब्दांचं आलं: ‘दार कुठंय?’ मी घाबरून फोन केला, कधी येताय विचारलं, तर ‘बघू’ म्हणालात. वन्सं, तुमचं ‘बघू’ मला चांगलं माहीत आहे. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली तेव्हाही तुम्ही ‘बघू’ म्हणाला होतात, आणि ती काठी अजून दुकानातच आहे. म्हणजे घर तुम्हाला आवडलं नाही, तुम्ही येणार नाही आणि टोपली चालूच राहणार. त्या दिवसापासून घास घशाखाली उतरेना.

मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि परक्या माणसासारखं आपल्याच घराकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात ते खरं होतं. आपलं घर म्हणजे एका खोक्यावर दुसरं खोकं, वरचं जरा पुढे आलेलं, आणि दोन्ही पावसाळी आभाळाच्या रंगाची. समोर एक लांबच लांब कोरी भिंत, तिच्यात पत्रपेटीच्या फटीसारखी एक आडवी खिडकी आणि खालच्या अंगाला पाण्याच्या पंपाचं कमरेएवढ्या उंचीचं झाकण. खरं दार उजवीकडच्या बोळात आहे, आणि तेही भिंतीच्याच रंगाचं. बोळाच्या भिंतीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लाकडी दांडा बसवलाय. ती नवी फॅशन असावी असं समजून मी त्यावर पायपुसणी वाळत घालते. मी पलीकडे उभी होते तेवढ्यात एक बाई येऊन भिंतीसमोर थांबल्या. हातात कागद, चेहरा ओढलेला. रक्त तपासायची जागा ती हीच, असा त्यांचा समज झाला होता आणि बिचाऱ्या सकाळपासून उपाशी होत्या. मला इतकी लाज वाटली की त्यांना आत नेऊन बळेच चहा पाजला, बिस्किटं दिली. दुसरं बिस्किट संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता तपासणी उद्यावर गेली.

आता तुम्ही म्हणाल, मग बांधणारणीला सांग ना! तिथेच तर सगळं घोडं पेंड खातंय. बांधणारीण तुमची लाडकी भाची. आर्किटेक्ट झाल्यावर तिनं पूर्णपणे स्वतःच्या डोक्यानं बांधलेलं हे पहिलं घर. लहानपणी पाटीवर घर काढायची तेव्हा छपराच्या आधी धूर काढायची, आठवतं? तीच ही. ‘आई, या घरात एकही रेघ उगाच नाही,’ असं म्हणाली तेव्हा तिचे डोळे कसे चमकत होते! त्या डोळ्यांना मी काय सांगू, की तुझ्या आत्याला दार सापडत नाही? सुदैवानं ती दुसऱ्या गावी कुणाचं तरी ऑफिस बांधायला गेली होती. मी ठरवलं, घराच्या विटेलाही हात लावायचा नाही. काढून टाकता येईल एवढंच समोर मांडायचं. तुम्ही येईपर्यंत घराचा चेहरा जरा हसरा दिसला, की झालं.

पहिल्यांदा माळीबुवांना बोलावलं. त्यांनी ‘भिंत फार बोडकी दिसतेय’ असं म्हणून पुरुषभर उंचीची झाडं कुंड्यांसकट आणून ओळीनं लावली. झाडं सुंदर होती, पण ती आल्यावर खिडकीही दिसेनाशी झाली. म्हणजे आधी घराला फक्त दार नव्हतं, आता खिडकीही नव्हती. झाडं अर्धी इकडे, अर्धी तिकडे सरकवली, तेव्हा मधल्या रिकाम्या जागेकडे पाहून तुमच्या बंधूंना बाकाची कल्पना सुचली. वरचं खोकं पुढे आलेलं असल्यामुळे खाली छान सावली पडते. तिथे बाक ठेवायचा आणि संध्याकाळी आपण दोघांनी बसायचं, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळेल की इथे माणसं राहतात. मला ते पटलं. बाक आला, अंधार पडताच आपोआप लागणारा दिवाही आला. वन्सं, रस्त्याच्या कडेला वर छप्पर, खाली बाक आणि बाजूला दिवा असला की लोक त्याला काय समजतात, हे आम्हा दोघांना सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर चार माणसं बसची वाट पाहत बसली होती.

खरा थांबा पुढच्या वळणावर आहे, पण तिथे ऊन. आमच्या इथे सावली, झाडं, शिवाय वाचायला तुमच्या बंधूंचं वर्तमानपत्र. मी हवालदिल झाले, आणि हे मात्र खुलले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आता माणसं येऊन विचारतात, ‘काका, गाडी गेली का हो?’ आठवडाभरात त्यांना सगळ्या गाड्या तोंडपाठ झाल्या. ते उशिरा येणाऱ्या गाडीच्या वतीनं लोकांची माफीही मागू लागले. शेवटी एके दिवशी बस खरोखरच आपल्या दारात (म्हणजे दार नसलेल्या भिंतीसमोर) थांबली. कंडक्टरनं ‘चला काका, लवकर!’ म्हणून हाक मारली आणि हे चढले. मी खिडकीतून पाहत राहिले. पायात घरातल्या चपला, हातात चष्म्याची डबी. दुपारी पाव घेऊन परत आले. कुठे गेला होतात म्हटलं, तर म्हणाले, ‘अगं, गाडी खास आपल्यासाठी थांबली. नको म्हणणं बरं दिसलं नसतं.’ तुमच्या घरात सगळ्यांनाच भिडेचा हा आजार आहे. आणि स्वतःसाठी काही मागायची वेळ आली, की तीच भीड तुम्हाला तोंड उघडू देत नाही. पण ते असो.

एवढं होऊनही तुमचे ते दोन शब्द माझ्या कानातून जाईनात. एका दुपारी मला आपल्या जुन्या भाड्याच्या घराचं हिरवं दार आठवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा बोर्डिंगमध्ये वाढलेली मुलगी होते. आमच्या कॉन्व्हेंटचं फाटक सहा वाजता बंद व्हायचं, त्यामुळे दार म्हणजे बंद असणारी वस्तू, अशी माझी समजूत होती. तुमचं दार दिवसभर उघडं, आणि त्याच्या पायरीवर तुम्ही शिवणाचं मशीन मांडून बसलेल्या. मी बाजारातून वाट चुकत चुकत यायची. गल्लीतली सगळी घरं मला सारखीच वाटायची, पण तुमचं मशीन ऐकू आलं की जीव भांड्यात पडायचा. ते दार सुंदर होतं का, आता सांगता येणार नाही. रंग उडाला होता, एक फळी फुगली होती. पण त्या हिरव्या रंगाची सर कशालाच नाही. मी रंगारी बोलावला आणि आठवणीतला हिरवा त्याला समजावून सांगितला. (त्याला भिंतीवर दोन हंस काढायचे होते. हंस फुकट काढून देतो म्हणाला. मी हात जोडले.) समोर रंगवण्यासारखं एकच होतं, पंपाचं झाकण. तेच रंगवून घेतलं, त्याला पितळी मूठ लावली, वर छोटीशी घंटा टांगली. लांबून पाहिलं आणि मला भरून आलं. घराला दार आलं होतं!

दुसऱ्याच दिवशी बाकावरचे एक गृहस्थ घाईघाईनं उठले आणि त्या हिरव्या दाराची मूठ ओढू लागले. त्यांना तिथे कशासाठी जायचं होतं ते मी लिहीत नाही. सिस्टरांनी आम्हाला काही गोष्टी कोणत्याच भाषेत लिहायला शिकवल्या नाहीत. मूठ उघडेना, तशी त्यांनी घंटा वाजवली. तुमच्या बंधूंनी जाऊन अदबीनं सांगितलं की इथे फक्त पंप आहे. गृहस्थ म्हणाले, ‘मग घंटा कशाला लावलीय?’

आणि नेमकी त्याच वेळी तुमची भाची रिक्षातून उतरली. न कळवता आली होती. तिनं झाडं पाहिली, दिवा पाहिला, बाकावरची माणसं पाहिली, हिरवं दार पाहिलं. लहानपणी ती चिडली की कान आधी लाल व्हायचे, म्हणून मी कानांकडेच पाहत राहिले. ती सरळ येऊन बाकावर बसली. शेजारच्या माणसानं तिला जागा करून दिली आणि ‘आताच गेली बघा गाडी’ असंही सांगितलं. मग मला म्हणाली, ‘आई, कुणासाठी हे?’ मी सगळं सांगून टाकलं. तुमचे दोन शब्द, तुमचं ‘बघू’, टोपली, कांदे, सगळं. ती बाकावरून उठली. मग माझा हात धरून मला बोळात घेऊन गेली.

वन्सं, पुढचं सांगायची मला परवानगी नाही. पण मला कधी काही पोटात ठेवता आलंय का? आपली जागा रस्त्यापेक्षा उंच आहे. समोर दार ठेवलं असतं, तर चार पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. बोळातली फरशी हळूहळू चढत जाते, इतकी हळू की इतके दिवस जाऊन-येऊन मला कळलंसुद्धा नाही. दाराला उंबरासुद्धा नाही. आणि ज्या दांड्यावर मी पायपुसणी वाळत घालते, तो हात धरून चालण्यासाठी आहे. त्याची उंची तिनं तुमच्या कोपराच्या मापानं घेतली. गेल्या वर्षी स्वेटरसाठी म्हणून हाताचं माप घेऊन गेली आणि स्वेटर काही आला नाही, तो हा दांडा. खालची जी खोली आम्ही पाहुण्यांची म्हणत होतो, ती कधीच पाहुण्यांची नव्हती. मी म्हटलं, अगं, आधी सांगायचं नाही का? तर म्हणाली, ‘गुडघ्यासाठी काही केलंय असं कळलं, तर आत्या येईल का?’ मी पायपुसणी काढून घेतली, दुसरं काय करणार? मग ती दांड्याला टेकून उभी राहिली आणि इतकी हसली की बाहेर बाकावरची माणसं डोकावून पाहू लागली. तिचे कान लाल झाले होते, पण रागानं नव्हते.

तर हे असं आहे. तब्येतीला जपा. शेजारणीचे कांदे परत करा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. — पत्र बंद करता करता तुमच्या भाचीनं बाबांच्या फोनमधला तो फोटो पाहिला. तो घराच्या मागच्या बाजूचा आहे. हे पलीकडच्या गल्लीत जाऊन काढून आले होते, तिथून उजेड चांगला पडतो म्हणून. म्हणजे तुम्ही विचारलंत ते बरोबरच होतं, मागच्या बाजूला दार नाहीच. शिवणाच्या तासाला सिस्टर रुमाल उलटा करून पाहायच्या आणि उलटी बाजू सुलटीसारखी दिसली तरच खूश व्हायच्या. त्यांनी या घराला पैकीच्या पैकी दिले असते. मी मात्र महिनाभर उपाशी राहिले.

आणखी ता. क. — दांड्याबद्दल मी काही लिहिलेलं नाही. तुम्हीही काही वाचलेलं नाही. आल्यावर ‘हे काय बाई नवीन!’ एवढंच म्हणा. येत्या रविवारी तुमची भाची गाडी घेऊन तुमच्याकडे येईल. तिच्याबरोबर निघताना दोनच कपडे घेऊ नका, सगळे घेऊन या, मशीनसकट. जिना एकदाच उतरायचाय, वन्सं. पुन्हा चढायचा नाही.

शेवटचं — बाक तिथेच राहणार आहे, असा आर्किटेक्टबाईंनी निर्णय दिलाय. पंपाचं दारही हिरवंच राहील. घंटा तेवढी काढली. बाकावरची कडेची जागा हे कुणाला बसू देत नाहीत. ‘आमची ताई यायचीय’ असं रोज सगळ्यांना सांगतात. बसणारी मंडळी आता ओळखीची झाली आहेत, ती मला विचारतात, ‘वहिनी, कुठल्या गाडीनं येणार तुमच्या वन्सं?’ मी काय सांगू, ते उलट टपाली कळवा. ‘बघू’ एवढं सोडून काहीही चालेल.