मतं सांभाळायची सहल

९ मे २०१९

भगवानरावांनी आमचे सगळ्यांचे फोन काढून घेतले! पिशवीत घातले, पिशवी जीपच्या सीटखाली. म्हणे अभ्यास सहल. परवा आमच्या दूध संस्थेच्या चेअरमनची निवड. तोवर अर्जुनरावांच्या माणसांनी आम्हा संचालकांना फोडू नये म्हणून ही पळवापळवी. नव्या नवरीलाही कुणी एवढं जपत नाही.

मी का आले? चारा छावणीसाठी. भगवानराव चेअरमन झाले तर छावणी आमच्या वस्तीवर, असा शब्द दिलाय त्यांनी. अर्जुनराव ती पार सडकेला, स्वतःच्या रानात नेणार. आमच्या दावणीला एकटी चंद्री गाय, तीही हाडांचा सापळा झालेली. तेवढं चालायची नाही ती.

निघताना हे म्हणाले, "कडबा सपला, टँकरचा पत्ता न्हाई. म्या काय करू?" म्हटलं, दोन दिवस काढा कसेतरी.

१० मे

आज आम्हाला इतिहास दाखवला! निजामाच्या काळातली कचेरी, सरकारनं जपून ठेवलेली. दगड घासलेले, लाकडाला तेलपाणी, जिथं तिथं पाटी – हात लावू नये. मी आणि कडूबाई, आमच्यातली वडीलधारी संचालक, कोठडीत जाऊन बसलो. काय गारवा! कडूबाई म्हणाली, "चोरांची लई बडदास्त होती गं बाई."

तहसीलदाराच्या जुन्या खुर्चीपुढं दोरी बांधलेली. भगवानराव जरा घुटमळले आणि दोरीवरून पाय टाकून बसलेच! फोटोही काढून घेतला – त्यांचा फोन तेवढा त्यांच्या खिशात. रखवालदार धावत आला. "उठा साहेब, ती बसायची न्हाई, बघायची हाय." उठले बिचारे.

मागच्या अंगाला हिरवळ. मे महिन्यात हिरवळ! टँकर उभा करून पाणी मारणं चाललेलं. विचारलं तर रखवालदार म्हणतो, "जुन्या इमारतीला शोभा नको का?" माझं डोकंच फिरलं. खाली बसून गवत उपटायला लागले. शिट्टी वाजली. वाजू दे मेली!

संध्याकाळी घरी बोलायला फोन मागितला. भगवानराव म्हणाले, "वहिनी, एक रात कळ काढा. उद्या छावनी तुमच्या दारात!" रडूच कोसळलं. कडूबाईला सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

११ मे, सकाळ

परत निघालो. भगवानरावांनी स्वतःचा हार स्वतःच आणलाय. कोमेजू नये म्हणून वर पाणी शिंपडतात. बिसलेरीचं!

११ मे, रात्री

जीप थेट संस्थेच्या दारात. मतदान सुरू होणार एवढ्यात अर्जुनराव उठून निवडणूक अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, ह्या बाईंच्या दारात जनावर न्हाई. आपल्या संस्थेत जनावर न्हाई त्याला मत न्हाई." मी खदखदून हसले. म्हटलं, खुशाल जाऊन बघा!

अधिकाऱ्यांनी माणूस पाठवला, मीही गेले. दावण रिकामी. हे उंबऱ्यावर डोकं धरून बसलेले. "काल दिसभर फोन लावला तुला. तिचं हंबरनं ऐकवंना गं. दारावर गिऱ्हाईक आलतं, दिली सोडून."

माझं मत रद्द. भगवानराव एका मतानं पडले. हार मांडीवर घेऊन माझ्यावर खेकसले, "एक गाय संभाळता येईना तुमाला?"

सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमी मला संभाळत होतात न्हवं!"

छावणी सडकेला गेली. आता आम्हाला काय तिचं!

१२ मे

अर्जुनरावांच्या मळ्यावरून आले. गिऱ्हाईक त्यांचंच होतं. चंद्री हौदाला तोंड लावून पाणी पीत होती. हाक मारली, तर मान वर केली नाही तिनं. पीतच राहिली. आणि मला – खरं लिहिते – बरं वाटलं.