अंगठ्याएवढा डाग

मंगळवार, दिवेलागण

वेचणी संपवून कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडली आणि छातीत कळ आली. डावीकडं, बरगडीत. लय भीती वाटली.

परभणीचे डॉक्टर म्हणाले होते, तुमच्या या फायब्रोमायल्जियात, म्हंजी अंगभर स्नायू दुखायच्या आजारात, बरगड्याही दुखतात. दाबून दुखलं तर बहुतेक स्नायूचंच, पण नुसत्या दाबण्यावर भरवसा ठेवू नका, शंका आली की या. मी पहिलं तेवढं धरून बसले. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही पट्ट्या चांगल्या. दुसऱ्या बारीला घराकडं येताना परभणीहून मानवतपर्यंत हे मोटारसायकलवर एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून कळ आली की आधी अंगठ्यानं दाबून बघते. दुखलं की बरं वाटतं. दुखल्यावर बरं वाटणारी मी एकटीच असेन.

आजही दाबलं, दुखलं. सासूबाईंनी विचारलं, "काय चाचपायलीस सारखं?"

"काय न्हाई, आत्याबाई."

मग अंग धुताना दिसलं. दाबायच्या जागी निळा डाग पडलाय, अंगठ्याएवढा. म्हणजे आता दुखतं ते कशानं? आजारानं, का माझ्याच अंगठ्यानं? आत खरंच काही असलं तर मला कळणार कसं?

हे लिहितानाही हात तिथंच गेला. काढून घेतला.

कळ अजून हाय. हे अंगणात कापसाची गाठोडी बांधायलेत. उठते, सांगते, आत्ताच परभणीला चला. पट्टी चांगली निघाली तर निघू दे. येताना या बारीला मीच बोलेन.