उदबत्ती विझायच्या आत

प्रिय येन,

मला हनोईचा वीट आलाय. म्हणजे हनोईचा नाही, तिला लोकांना दाखवत फिरण्याचा. रोज सकाळी पिवळी छत्री उंच धरायची आणि बावीस माणसं मागे घेऊन जुन्या पेठेत घुसायचं. दुचाक्यांच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडताना ही माणसं किंचाळतात आणि पलीकडे पोचली की लढाई जिंकल्यासारखे फोटो काढतात. कुठल्या देशाची ते विचारू नकोस, सगळे देश सारखेच. मासळीच्या टोपलीपाशी नाकाला रुमाल लावायचा आणि मासळीवालीचा फोटोही काढायचा. कोपऱ्यावर फोच्या सुपाचे वाडगे विकणारी न्यानमावशी परवा माझ्यावर कडाडली, "थोआ, तुझ्या मेंढरांना सांग, कॅमेरा माझ्या तोंडात घालू नका, दात किडलेत माझे!" मी पाहुण्यांना सांगितलं, मावशी तुमचं स्वागत करतायत. खोटं इतकं सहज येतं हल्ली की माझी मलाच किळस येते.

आपलं घर दाखवायची कल्पनाही माझीच, हे तुला माहीत आहे. आमच्या कंपनीचा मालक तोआन 'खरंखुरं जुनं घर' शोधत होता आणि मी पटकन आपल्या बोळाचं नाव घेतलं. आई नको म्हणाली नाही. "येतील नि जातील, त्यात काय," एवढंच म्हणाली. मग बावीसजण भिंतीला घासत आत शिरायचे, बूट काढा म्हटलं की तोंडं वाकडी करायचे, बाबांच्या फोटोकडे पाठ करून स्वतःचे फोटो घ्यायचे. एका बाईने तर आईचा गाल दाबला, बाजारात पपनस दाबून बघावं तसा. आई हसली. मला त्या बाईचा हात पिरगळावासा वाटला आणि मी छत्री उचलून "पुढे चला" म्हटलं.

आता खरी गोष्ट. यंदा पंचांगात अधिक महिना, म्हणून सहावा महिना दोनदा आला. बाबांची तिथी दुसऱ्या सहाव्यात, असं मी मनाशी धरून बसले. आईला विचारलंही नाही. थोरली मुलगी ना मी, मला काय विचारायचं असतं! तिथी पहिल्याच सहाव्यात होती, आणि त्या दिवशी मी बावीसजणांना घेऊन घरात शिरले. आईने ताट मांडलं होतं. अख्खी कोंबडी, चिकट भात, बांबूच्या कोंबांचं सूप, बाबांचा दारूचा छोटा पेला. उदबत्ती अर्धीही जळली नव्हती. आईला वाटलं, मी तिथीसाठी सुट्टी काढून आले. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद माझ्यामागून एकेक माणूस आत येताना मावळत गेला, आणि मी तो बघत उभी राहिले.

तेवढ्यात एका जाड्या गृहस्थाने बाबांचा पेला उचलला आणि घटकन पिऊन टाकला. मग मला विचारलं, "हे आमच्यासाठीच ना?" येन, एक 'नाही' पुरे होतं. मी म्हटलं, "हो, आमच्याकडे तशी परंपराच आहे. पूर्वजांच्या ताटातलं पाहुण्यांनी आधी चाखायचं." सगळे तुटून पडले. कोंबडीची तंगडी कुणीतरी हाताने उपटली. आईला त्यांची भाषा येत नाही, पण मी काय बोलले असेन ते तिला कळलं. सगळे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "अगं, उदबत्ती तरी विझू द्यायचीस." उदबत्ती जळते तोवर बाबा जेवत असतात, आणि पोटच्या पोरीने त्यांना पानावरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी तोआन स्वतः घरी आला, खुशीत. पाहुण्यांनी कौतुकाचा पाऊस पाडला होता. "आता रोज मांड की ताट! म्हातारा रोज जेवला तर कुणाचं काय बिघडलं?" असं म्हणाला तो, आपल्या घरात उभा राहून. मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी म्हटलं, "बघते." आई पडद्यामागे भाजी निवडत होती. तिने ते ऐकलं.

त्यानंतर तोआनला मी नाही म्हणून सांगितलं, छत्रीही परत केली. पण आईच्या लेखी ते 'बघते' काही पुसलं जात नाही. ती उद्या सकाळच्या गाडीने हायफाँगला तुझ्याकडे येते आहे. नातवाला भेटायला येतेय असं सांगेल. तिच्या मांडीवर बाबांचा फोटो असेल आणि उदबत्तीचं भांडं. ते भांडं बाबा गेल्यापासून आपल्या घरात कुणी तसूभरही हलवलेलं नाही; ते हललं म्हणजे बाबाच घर सोडून निघाले, तूच समजून घे. दोन्ही चांगल्या जागी, उंचावर ठेव. तिला काही विचारू नकोस, आणि माझी बाजूही घेऊ नकोस. मला एकच हवंय. पुढच्या वर्षी बाबांची तिथी कधी आहे, तेवढं मला कळव. आई कळवणार नाही.

तुझीच,
थोआताई