वाचनालयाच्या भिंतीवरचा कागद

॥ श्री ॥

तांबेवाडी, ता. निपाणी
दि. ६ जानेवारी २०२५

ती. बायाक्का हिस जोतिरामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. दिवाळीत घरच्या ग्रुपवर आपल्या दोघांची निवडणुकीवरून जुंपली आणि तू तणतणत ग्रुप सोडलास, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण फोन फक्त जन्ममरणाला आणि बाकी सगळं टपालानं, हा तुझा फतवा आता मला आवडायला लागलाय. पोस्टमन दारात थांबतो, गल्ली बघते, माझं वजन जरा वाढतं.

इकडं सगळं खुशाल. माझा दिनक्रम तुला ठाऊकच आहे. आंघोळ, इस्त्रीचा सदरा आणि तडक वाचनालय. कारखान्यातून रिटायर झालो तेव्हा मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो आणि मालूनं मला केरसुणीनं हाकलायचं तेवढं बाकी होतं. त्या एका खोलीनं मला वाचवलं बघ. मारुतीराव, मी आणि आमची बाकी मंडळी कोल्हापूरचे सगळे पेपर पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतो. मुंबईत कुणाचं खातं जाणार आणि कुणाला मिळणार, हे आम्ही टीव्हीच्या आधी सांगतो.

परवा मात्र जरा फजिती झाली. ज्येष्ठांना चष्मे फुकट मिळणार, अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा, असं पेपरात आलं होतं. मी सगळ्यांचे अर्ज वळणदार अक्षरात लिहिले, आधारची झेरॉक्स जोडली आणि आमची वरात पंचायतीत गेली. पंचायतीचा कारभार बघणाऱ्या पीडीओ साहेबांनी सगळं शांतपणे वाचलं, आम्हाला चहा पाजला आणि मग म्हणाले की आप्पा, योजना लई चांगली आहे, पण ती पलीकडच्या राज्याची, महाराष्ट्राची. कोगनोळी नाक्याच्या अलीकडं, कर्नाटकात लागू न्हाय. मारुतीराव अर्धा चहा टाकून उठले.

बाकी पंचायतीच्या कारभाराबद्दल न बोललेलंच बरं. वाचनालयाला आम्ही हौसेनं रंग लावला, तर नेमका दर्शनी भिंतीवर त्यांनी कसलासा कन्नड कागद डकवून ठेवलाय. रंगाचा पार बट्ट्याबोळ झाला. आम्ही आता सायकली त्यालाच टेकवतो.

मालूचा नमस्कार. तुझ्या ओमकारला आणि सूनबाई रूपालीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
जोतिराम

*

हिंडलगा
दि. ११ जानेवारी २०२५

चि. जोतिराम यास बायाक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चष्म्याची हकिकत रूपालीला वाचून दाखवली. हसता हसता तिची तव्यावरची भाकरी करपली आणि ती मलाच खावी लागली. तेव्हा हे पत्र जरा कडू लागलं तर दोष तुझाच.

अरे शहाण्या, मुंबईच्या मंत्र्यांची खाती तुला तोंडपाठ. तुझ्या गावच्या पंचायतीची अध्यक्ष कोण आहे, ते सांग बघू. ग्रामसभेला शेवटचा कधी गेला होतास? आणि तो भिंतीवरचा कागद. रंग खराब झाला म्हणून लिहिलंस, सायकली टेकवतो म्हणून लिहिलंस, पण त्यात आहे काय, त्याबद्दल एक अक्षर नाही. पंचायत भिंतीच्या शोभेसाठी कागद डकवत नाही रं बाबा.

मी हे तोऱ्यात सांगत नाही. आमच्याकडं शेताकडं जायच्या पाणंदीत प्लॉटवाल्यांनी दगड रोवले तेव्हाच आम्हाला जाग आली. त्याचा कागद किती दिवस पंचायतीच्या फळ्यावर लटकत होता. पण घरटी माणूस बेळगावला नोकरीला, संध्याकाळी दमून येणार, कागद वाचतो कोण? आता मी म्हशीला चारून परतताना त्या फळ्यापुढं थांबते. कन्नड मला बोलता येतं, वाचता येत नाही, तुझ्यासारखंच. आपल्या शाळेत कुठं होतं? पण समोर दिसेल त्याला मी थांबवते आणि वाचून घेते. त्यात लाज कसली? आता तर तिथला शिपाई मला बघून खुर्ची बाहेर काढतो. म्हैस मात्र वैतागते.

ओमकारचा मित्र निपाणीला निघालाय, त्याच्याबरोबर तिळाच्या वड्या पाठवतेय. आधी मालूला दे, मग तू खा. गोड खा आणि गोड बोल. मी बोलले ते मात्र कडूच राहू दे, उपयोगी पडेल. माया कमी झाली असं वाटलं तर कळव, वड्या परत मागवीन.

तुझी,
बायाक्का

*

तांबेवाडी
दि. १६ जानेवारी २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

तू माझ्यावर किती अन्याय करतेस हे कळावं म्हणून तुझं पत्र मी जेवताना मालूला वाचून दाखवलं. ती आमटी वाढत होती. मान वर न करता म्हणाली, त्या कागदात लिवलंय की वाचनालयाची खोली पाडून तिथं दुकानगाळे बांधायचं चाललंय, कुणाची हरकत असंल तर तीस तारखेच्या ग्रामसभेत सांगा. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, कोण कशाला सांगतंय, दळणाला जाताना मीच वाचला.

आक्का, मालू कन्नड वाचते! माहेरी सदलग्याला तिची सातवीपर्यंतची शाळा कन्नड झाली, हे मला स्थळ बघतानाच सांगितलं होतं. ठाऊक होतं, पण कधी ध्यानातच आलं नाही. मग मी चिडून विचारलं, एवढं कळलं होतं तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, कागद लागला त्याच दिवशी सांगाय आलते, तुम्ही म्हणालासा, बातम्या संपू देत. तसं मी म्हणालो असणार. मी रोजच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन खात्री करून आलो. सगळं खरं आहे. वाचनालयात मंडळींना सांगितलं तेव्हा त्या दिवशीचे पेपर कुणी उघडलेसुद्धा नाहीत. साऱ्या दुनियेची बातमी आम्ही आत बसून वाचत होतो आणि आमचीच बातमी बाहेर सायकलींच्या मागं होती. मारुतीराव म्हणाले, कोल्हापूरच्या संपादकांना पत्र लिहूया.

तुला मोकळं सांगतो, मला भीती वाटते. ती खोली गेली तर सकाळी उठून मी सदरा कुणासाठी घालू? काय करावं ते उलट टपाली कळव. या वेळी लोभाबरोबर थोडी अक्कलही पाठव.

तुझा,
जोतिराम

*

हिंडलगा
दि. २० जानेवारी २०२५

चि. जोतिराम यास आशीर्वाद.

तुला झोडपायचं म्हणून बसले होते, पण सदऱ्याचं वाचलं आणि राग गिळला. रडू नकोस, अजून खोली उभी आहे.

आता ऐक. संपादकांना पत्र लिहून तुमच्या गावातली एक वीट वाचणार नाही. ग्रामसभेत हात वर होतात तिथंच काय व्हायचं ते होतं. आणि तुम्ही म्हातारे म्हणजे काही ग्रामसभा नव्हे. बायका आल्या तरच सभेला रंग चढतो, हे मी आमच्याकडं बघितलंय. तेव्हा मालूला विचार, महिला संघातल्या बायकांना घेऊन येशील का म्हणून. हुकूम सोडू नकोस, विचार. जमेल ना?

भाषणबिषण लिहू नकोस, तुझी भाषणं मी लहानपणापासून ऐकलीत. मला लिहिलंस तेवढंच उभं राहून सांग. आणि जायच्या आधी अध्यक्षबाईंचं नाव माहीत करून घे, नाहीतर पुन्हा चहा पिऊन परत यायची वेळ येईल. आमचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
बायाक्का

*

तांबेवाडी
दि. २३ जानेवारी २०२५

ती. वन्संना मालूचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर सांभाळून घ्या. मी कन्नड शाळेतली. मराठी वाचायला शिकले ते तुमच्या माहेरी आल्यावर, डाळ-गुळाच्या पुड्या सोडता सोडता. त्यामुळं अर्धवट बातम्या वाचायची मला सवय आहे.

तुमचे बंधू सध्या फार गोड वागतायत. काल जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचललं. मी घाबरून विचारलं, बरं वाटत नाही का. मग गाडी हळूहळू ग्रामसभेवर आली. मी हो म्हटलं. संघातल्या बायकांनाही आणते म्हटलं.

पण वन्सं, एक गोष्ट तुमच्यापाशीच राहू द्या. बायका मला विचारतात, त्या खोलीचा आपल्याला काय उपयोग? गाळे झाले तर एक संघाला देऊ, असं अध्यक्ष भाग्यलक्ष्मीनं सांगितलंय. पापड-चटणीला हक्काची जागा होईल. त्यांना मी काय उत्तर देऊ? लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या दारावरून डोईवर दळण घेऊन जाते. आत कपाटं किती आणि खिडकी कुठल्या अंगाला, मला माहीत नाही. कुणी येऊ नको म्हणालं नाही, पण कुणी ये सुद्धा म्हणालं नाही.

ह्यांचं मन मोडवत नाही. सकाळी सदरा घालून, केस बसवून निघतात तेव्हा अजून नव्या नवऱ्यासारखे दिसतात, हे मी फक्त तुम्हाला लिहितेय. पण खोटंही बोलवत नाही. सभेत उभी राहिले तर तोंडातून काय निघेल, याचा मलाच भरवसा नाही. त्या दिवशी माझ्यासाठी देवापुढं दिवा लावा.

वड्या खमंग झाल्यात. निम्म्या मी डब्याच्या तळाशी लपवल्यात. तुमची सावली माझ्यावर आहे तशीच असू द्या.

आपली,
मालू

*

तांबेवाडी
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी राग होता, मग लाज होती, आणि आता काय आहे ते मला नीट सांगता येत नाही. तरी क्रमानं लिहितो.

सभा शाळेच्या पटांगणात झाली. बायका एवढ्या आल्या की शिपायाला दुसरी सतरंजी आणावी लागली. मी उभा राहिलो आणि तू म्हणालीस तसं सदऱ्याचं सांगितलं. काहीजण हसले, पण वाईट हसले नाहीत. मग अध्यक्ष भाग्यलक्ष्मीबाईंनी (नाव आधीच विचारून ठेवलं होतं) शांतपणे विचारलं, आप्पा, त्या खोलीत रोज किती माणसं येत्यात? मी म्हणालो, सात, लग्नसराई नसली तर.

तेव्हा मालू उठली. मला वाटलं, आता जिंकलो. ती म्हणाली, या सात माणसांसाठी खोली राखायची असंल तर उद्या पाडा, आमचं काय म्हणणं न्हाय.

आक्का, मी खालीच बघत राहिलो. मारुतीराव माझ्याकडं असे बघत होते की जणू तिला मीच शिकवून आणलंय. पण ती बसली नाही. म्हणाली, गाळ्यांना स्टँडमागची रिकामी जागा हाय, तिथं गिऱ्हाईकबी चार जास्ती येतील. बसून वाचायला मातर गावात दुसरी जागा न्हाय. तवा खोली ठेवा, पण सकाळ बाप्यांची आणि दुपार बायकांची. मराठी पेपरासंगट एक कन्नड पेपर घ्या. आणि पंचायत जो जो कागद लावंल, तो त्याच दिवशी तिथं दोन्ही भाषांत मोठ्यानं वाचून दाखवा. हेच सगळं तिनं पुन्हा कन्नडमध्ये सांगितलं, तेव्हा पीडीओ साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. कन्नड बोलताना तिचा आवाज वेगळाच लागतो, जरा मोठा.

पहिले हात बायकांचे वर झाले. मी इतका भांबावलो होतो की माझा हात मारुतीरावांनी धरून वर केला. ठराव झाला. गाळे स्टँडमागं जाणार, त्यातला एक संघाला, आणि खोली राहिली.

घरी येऊन दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिनंही समजूत काढली नाही. तिसऱ्या दिवशी मी सदरा घालून निघालो, तेव्हा ती म्हणाली की आता दुपारी मला पण साडी बदलून जावं लागणार, इस्त्री जरा गरम राहू द्या. त्यावर कोण किती रागावणार?

आता सकाळी आम्ही, दुपारी त्या. खुर्च्या रोज हललेल्या सापडतात म्हणून मारुतीराव कुरकुरतात. पण गावात काय चाललंय ते मला हल्ली कळतं. पाण्याची टाकी कधी धुणार, अंगणवाडीचा पत्रा का अडलाय, पुढची ग्रामसभा कधी. म्हणजे मालूला कळतं, मग मला. मुंबईचं सध्या कोण बघतंय, देव जाणे.

काल औषधं आणायला निपाणीला गेलो होतो. परतीची बस लवकर मिळाली. घरी येतो तर दाराला कुलूप आणि किल्ली मालूकडं. मागून आणावी म्हणून वाचनालयाकडं गेलो. भर दुपार होती. दारातूनच बघितलं. दोघीचौघी गप्पा मारत होत्या, एक भिंतीला टेकून पेंगत होती. मालू खिडकीच्या उजेडात बसली होती. समोर कन्नड पेपर पसरलेला, चष्मा नाकावर घसरलेला, ओठ हळूहळू हलत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आक्का, पण तिला असं रमून वाचताना मी पहिल्यांदा बघितलं. किल्ली न मागताच परत आलो आणि ती येईपर्यंत पायरीवर बसून राहिलो.

आमच्या दोघांवर लोभ असू दे. तिच्यावर थोडा जास्त चालेल.

तुझा,
जोतिराम