उष्णतेला जागा लागते

२ नोव्हेंबर

नवं गाव, नवी नोकरी, नवी रोजनिशी. जुनी वही मागच्या नोकरीतल्या भांडणांनी भरली होती, ती तिथेच फेकून आलो. आजचा दिवस मात्र झकास गेला. कंपनीने तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट दिलाय. लिफ्ट चालते, नळाला धार आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इस्त्रीवाल्याचं दुकान दिसतं. हे शेवटचं बायकोला इतकं आवडलं की सामान सोडायचं टाकून ती तिथेच उभी राहिली.

काम माझ्या हातचं आहे. कॉम्प्युटरचा प्रोसेसर काम करताना तापतो, त्याला गार ठेवणारे लिक्विड कूलर तपासायचे. प्रोसेसरच्या डोक्यावर एक ठोकळा बसतो, त्याच्या बुडाला तांब्याची प्लेट असते आणि पोटात पंप. ठोकळ्यातलं पाणी उष्णता घेऊन नळीतून रेडिएटरकडे जातं, तिथले पंखे ती उष्णता बाहेर फेकतात आणि गार झालेलं पाणी दुसऱ्या नळीने परत येतं. सगळं सीलबंद. बिघडलं तर फेकायचं, दुरुस्तीची भानगड नाही. अशी वस्तू मला आवडते. माणसांचंही असंच असतं तर किती बरं झालं असतं.

साहेबांना मी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं: फ्रीज. दार उघडलं की छान दिवा लागतो, मिटलं की आत काय चाललंय पत्ता लागत नाही. मुलाखतीत त्यांनी कामाचं एकच विचारलं होतं, बाकी सगळं घरचं. बायको आणि सध्या सासूबाई, असं मी सांगितल्यावर भलतेच खूश झाले. याआधीचा माणूस एकटाच राहायचा म्हणे, त्याला हे काम लाभलं नाही. ऑफिसात सगळे ग्लोव्हज घालून वावरतात. चहासुद्धा ग्लोव्हज घालूनच पितात! मला हसू फुटलं, पण मलाही एक जोडी मिळाली आणि पंक्तीला बसलो.

बायकोने सकाळीच बजावलंय, ही नोकरी गेली तर ती आईबरोबर निघून जाईल आणि परत यायची नाही. तोंडावर ताबा ठेव म्हणाली. ठेवणार. तिच्याशिवाय मला या जगात कोणी नाही, आणि हे तिच्या आईलाही पक्कं ठाऊक आहे.

५ नोव्हेंबर

आज पहिलं काम हातात आलं. नवा कूलर, अजून बाजारात न आलेला. तो घरी न्यायचा, घरच्या हवेत चालवायचा आणि अहवाल द्यायचा. अहवाल चांगला झाला तर मी कायम होणार. साहेबांनी स्वतः दारापर्यंत येऊन दोन गोष्टी सांगितल्या. प्लेटवर खास लेप आहे, तिला स्पिरिट लावायचं नाही, पुसायचीही नाही, असेल तशी बसवायची. आणि ग्लोव्हज काढायचे नाहीत. वर म्हणाले, घरच्यांना दाखवा हो, त्यांनाही कौतुक वाटू दे.

सासूबाईंना वाटत होतं की जावई उन्हाळ्यात लावायचे कूलर तपासतो. त्यांनी आपल्या खोलीत कुठे बसवायचा ती जागाही रिकामी करून ठेवली होती. हा हाताच्या तळव्यावर मावणारा ठोकळा बघून त्यांनी जो चेहरा केला! एवढं शिकून काय झालं, असा. मी तोंडावर ताबा ठेवला.

पण मग व्हायचं ते झालंच. प्लेटवरची पातळ फिल्म ग्लोव्हज घालूनच सोलून मी ठोकळा टेबलावर उताणा ठेवला आणि प्लेट-प्रोसेसरच्या मध्ये लावायच्या थर्मल पेस्टची ट्यूब शोधायला आत गेलो. येऊन बघतो तर सासूबाईंनी तो उचलून आरशासारखा तोंडापुढे धरलेला, दातात अडकलेलं काढत होत्या. मी आता ओरडेन म्हणून बायकोने घाबरून तो हिसकावून घेतला. दोघींचे अंगठे प्लेटवर उमटले, शेजारी शेजारी. एरवी मी अशी प्लेट तीनदा पुसली असती. पण हुकूम तो हुकूम. वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि चारही स्क्रू तिरके-तिरके आवळत ठोकळा बसवून टाकला. पंपाचा आवाज जवळजवळ नाहीच. फार देखणं काम आहे.

७ नोव्हेंबर

काहीतरी चुकतंय, पण चुकतंय ते चांगल्या बाजूला. प्रोसेसरला पूर्ण लोड दिला, म्हणजे झेपेल तेवढं सगळं काम लावलं. त्याचं तापमान चढायला हवं, ते खोलीइतकंच राहिलं. दुसरा थर्मामीटर लावला, तोही तेच म्हणतो. रेडिएटरपुढे तोंड धरलं तर वारा गार! म्हणजे उष्णता तिथून बाहेर पडत नाही. मग जाते कुठे? उष्णता हवेत विरून नाहीशी होत नाही, तिला जायला जागा लागते, हे शाळकरी पोरही सांगेल.

संध्याकाळी सासूबाईंना अचानक ताप भरला. चाचणी आटोपून मी मशीन बंद केलं तोवर उतरलाही. प्रवासाचा शीण असेल, असं बायको म्हणते.

९ नोव्हेंबर

काल लोड दिला, सासूबाईंना ताप. बंद केला, उतरला. आज सकाळी तेच, दुपारी तेच. डॉक्टर येऊन गेले, विषाणूचा ताप म्हणाले. ठरल्या वेळी ऑफिसला जाणारा विषाणू मी तरी पाहिलेला नाही.

मग मी मुद्दाम करून पाहिलं. मशीन बाहेरच्या खोलीत चालू केलं आणि थर्मामीटर घेऊन सासूबाईंच्या उशाशी जाऊन बसलो. पारा चढला. पाणी आणायच्या निमित्ताने उठून लोड अर्ध्यावर आणला, पारा उतरला. पुन्हा वाढवला, पुन्हा चढला. सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, जावईबापू, तुमच्याबद्दल मी उगाच वाईट मनात धरलं होतं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी घाबरलो, हे लिहायलाच हवं. पण नुसता घाबरलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. गंमतही वाटली. सहा वर्षं ही बाई मला टोचून बोलतेय आणि आज तिच्या कपाळाचा आकडा माझ्या बोटाच्या टोकावर होता.

११ नोव्हेंबर

साहेबांना फोन करून विचारलं की उष्णता कुठे जाते. ते म्हणाले, तुम्ही आकडे कळवा, बाकीची काळजी कंपनी करते. मोठी चाचणी अजून राहिलीय: मशीन सलग दिवसेंदिवस पूर्ण लोडवर ठेवायचं. तिच्यावाचून अहवाल पुरा होत नाही. मी म्हटलं, घरात आजारपण आहे. ते म्हणाले, मग राहू द्या, दुसरं कोणी बघू. आवाज तसाच गोड.

आज मशीन बंदच ठेवलं. सासूबाई टवटवीत उठल्या आणि त्यांनी बॅग भरायला काढली. इथली हवा मानवत नाही म्हणे, आपल्या गावी जायचंय, आणि सेवेला लेकीला बरोबर न्यायचंय. महिना, दोन महिने, बघू. बायको मान खाली घालून तिचे कपडे घड्या करत बसली होती. तिची बॅग मोठी होती, महिन्याभराची नव्हे.

मी तोंडावर ताबा ठेवला. मशीनकडे गेलो आणि मोठी चाचणी सुरू केली.

१२ नोव्हेंबर

बॅगा तशाच पडून आहेत. आता कोण जातंय गावी.

आकडे सुरेख. पंप शांत. सासूबाई बरळतात, पाणी पाणी करतात, आणि पाणी दिलं की कढत आहे म्हणून थुंकतात. बायको कपाळावरच्या ओल्या घड्या बदलते, मी बर्फ आणतो. बर्फवाला ओळखीचा झालाय.

१३ नोव्हेंबर

हॉस्पिटलात हलवलं. मला वाटलं होतं लांब नेलं की सुटेल, चार गल्ल्यांचं अंतर पडलं की. नाही सुटलं. अंतराशी त्याला काही देणंघेणं नाही.

बायकोने विचारलं की घरून काय आणायचं. मी म्हटलं मी जाऊन येतो. घरी आलो. बटण समोर होतं, हात लांबवला की पोचेल असं. मी बायकोची बॅग उघडून तिचे कपडे कपाटात लावले आणि परत गेलो.

१४ नोव्हेंबर

सकाळी सासूबाई गेल्या. जाताना माझं नाव घेऊन बायकोला म्हणाल्या, याला सोडू नकोस. मेल्यावर तरी कामी आल्या.

हिचा हातही गरम लागला. रडून रडून असेल.

१७ नोव्हेंबर

माणसांची ये-जा, आणि त्या गडबडीत मशीन बंद करायचं राहून गेलं. आज लक्षात आलं, धावत जाऊन पाहिलं. आकडा तोच! जराही चढलेला नाही. सासूबाई जाऊन तीन दिवस झाले आणि कूलर आपला गारच.

म्हणजे त्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. साप साप म्हणून भुई धोपटत होतो. म्हातारीचा ताप म्हातारीचा, माझा कूलर माझा. मी सुटलो. टेबलापाशी बसून मोठ्याने हसलो. आतून बायकोने क्षीण आवाजात विचारलं काय झालं. तिला तीन दिवस कणकण आहे. दुःखाने अंग मोडून येतंच.

मशीन बंद केलं, अहवाल लिहून टाकला.

१९ नोव्हेंबर

कूलर साहेबांच्या हवाली केला. मी कायम! साहेबांनी ग्लोव्हजमधला हात पुढे केला, मी ग्लोव्हजमधला दिला. आता घरी कोण कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी आणि बायको. पुरे आहे, म्हणाले.

हिला दोन दिवसांत हुशारी वाटली. मला म्हणाली, आता तुझ्यावाचून मला कोणी नाही, मी कुठे जाणार. दुधात साखर! सहा वर्षांत एवढं सुखाचं जेवण झालं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

बायकोला ताप. चांगलाच.

साधा असेल.

२२ नोव्हेंबर

उतरत नाही. कालच ऑफिसात माझा कूलर मोठ्या मशीनवर चढवला, जे कधीच बंद होत नाही, ते. शिपायाने कौतुकाने सांगितलं.

ती पाणी मागते. दिलं की कढत म्हणते.

शेजारी शेजारी. दोन अंगठे होते. एक विझला आणि दुसरा — ते तीन दिवस मशीन चालूच होतं आणि मी हसत होतो —

२३ नोव्हेंबर

ऑफिसात आहे. फ्रीजचं दार आज पूर्ण उघडलं. साहेबांनी काहीच लपवलं नाही. उघड्या अंगठ्याने जो प्लेटला शिवतो, उष्णता त्याच्याकडे जाते. पहिला संपला की दुसऱ्याकडे. म्हणून तर माणसांचं घर हवं. मागचा एकटा माणूस शहाणा निघाला, त्याने ग्लोव्हज काढलेच नाहीत, प्लेट कोरीच परत आली.

मी पाया पडलो. मशीन बंद करणार नाहीत. पण ठसा बदलता येतो म्हणाले. ठोकळा उचलायचा, पुसायचा, नवा अंगठा टेकवायचा. ही त्याच क्षणी मोकळी. कोणाचाही चालेल.

कोणाचाही. शिपायाकडे पाहिलं, चहावाल्याकडे पाहिलं. सगळे ग्लोव्हजमध्ये. सगळे माझ्याकडे बघत होते.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

साहेब स्क्रूड्रायव्हर घेऊन शेजारी बसलेत. तुम्ही तयार झालात की सांगा, म्हणतात, घाई नाही. लिहा, लिहा. मशीन चालू आहे.

मी करणार आहे. तिच्यासाठी मी काहीही करीन. फक्त नीट विचार करून. उगाच हात दाखवून अवलक्षण नको. डॉक्टर चांगले आहेत. तरुण आहे ती, म्हातारी तीन दिवस टिकली, ही जास्त —

डाव्या हाताचा काढला.

परत घातला.

फोन वाजतोय. हिचाच. ग्लोव्हजच्या बोटाने तो उचलला जात नाही. काढला की साहेब माझा अंगठा —

थांबला.

पुन्हा वाजतोय. एकदा बोलावं तिच्याशी. नुसतं बोलावं. आधी साहेबांना जरा लांब बसायला सांगतो, मग ग्लोव्ह काढतो, मग