फाटकावरचा फळा

४ एप्रिल. सकाळी ७.
आजपासून रोज लिहायचं. पोस्टात चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, स्वतः एक ओळ लिहिली नाही. निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत शिंपल्यांचं संग्रहालय काढलं, त्याला परवा वर्ष होईल. एक हजार एकशे चाळीस शिंपले. प्रत्येकाखाली माझ्या अक्षरात चिठ्ठी. या किनाऱ्यावर एक दिवस सहलीला येणाऱ्या माणसाने आणखी काय बघायचं?

सायंकाळी.
आज संग्रहालयात दोघं. एक पत्ता चुकलेला. दुसरी आमची ही, केरसुणी घेऊन.
साडूकडे मात्र झुंबड. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्मभर ट्रक चालवला. आता ओहोटी लागली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं बसवतो आणि वाळूत रुतलेलं जुनं जहाज दाखवून आणतो. गंजलेलं भंगार! लोक त्याला टेकून फोटो काढतात. मला मत्सर अजिबात नाही. लोकांची कीव येते, इतकंच.

६ एप्रिल.
संग्रहालयाचा वाढदिवस. कोणी आलं नाही.
साडूने गवताची हॅट घेतली आहे. ही म्हणाली, भाऊजींना टोपी किती शोभते. एकोणतीस वर्षांत मला काही शोभल्याचं हिच्या तोंडून ऐकलेलं नाही.
संकल्प: किनाऱ्याकडे बघायचं नाही.
रात्रीच्या जेवणापर्यंत अकरा वेळा बघितलं. त्यातल्या चार वेळा हवामानासाठी, त्या धरायच्या नाहीत.

९ एप्रिल. दुपारी ४.
विजय! सकाळी दहापासून सव्वीस माणसं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. साडूची ट्रॉली तोवर जागची हलली नव्हती. लोक कंटाळलेच शेवटी भंगाराला.
आलेली मंडळी अभ्यासू वाटली. जवळपास प्रत्येकाने आल्या आल्या बाथरूम विचारली. हातपाय धुऊनच शिंपल्यांकडे वळायचं, ही शिस्त मला आवडली. अजून किती वेळ आहे, असंही सारखं विचारत होते. सहापर्यंत निवांत बघा, असा धीर मी दिला. ही पदर तोंडाला लावून आत गेली. सर्दी असावी.
तीनच्या सुमारास सगळे एकदम उठून गेले. ज्ञान पचायला वेळ लागतो.

१० एप्रिल.
ट्रॉलीच्या वेळा ओहोटीप्रमाणे रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतात. हा काय कारभार? माझं पोस्ट चौतीस वर्षं दहाच्या ठोक्याला उघडलं.
या वेळांचा फळा साडूने आमच्याच फाटकाला टांगलाय. भरती-ओहोटीचा तक्ता बघून मी तो रोज लिहितो. तुमच्यासारखं अक्षर दहा गावांत नाही, असं म्हणून त्याने हे काम माझ्या गळ्यात मारलं. बाकी माणूस थापाड्या असला, तरी एवढं खरं बोलला.

१२ एप्रिल.
घात! पर्यटन कचेरीचा साहेब १८ तारखेला पाहणीला येणार. हायवेच्या फाट्यावर बोर्ड लागणार. प्रत्येक गावाला एकच. आणि साडूने अर्जही लिहून ठेवलाय, मला पत्ता लागू न देता! मेहुणीने हिला सांगितलं, हिने मला. बोर्ड त्याला मिळाला, तर जन्मभर त्याच्या बाणाखालून भाजी आणायला जावं लागणार.
पोटात दुखायला लागलं. हिने गोळी दिली. म्हणाली, गोळीने जाणारं दुखणं दिसत नाही.
संध्याकाळी साडू एक कागद घेऊन आला. जरा वाचता का, म्हणाला. शिंपले मोजतोय, वेळ नाही, म्हटलं. कागद हिच्याकडे देऊन गेला.

१५ एप्रिल.
योजना तयार. साहेब आधी माझ्याकडे आला आणि दोन तास बसला, की भंगाराचं नावही काढणार नाही. भाषण पाठ केलं. हिच्यासमोर म्हणून दाखवलं. चाळिसाव्या शिंपल्याला तिला झोप लागली, म्हणजे आवाजात गोडवा आहे.

१८ एप्रिल. सकाळी ६.
तक्त्यात आजची ओहोटी १०:४०. फळ्यावर १२:४० लिहिलं गेलं.
खडू घसरला. पुसून परत लिहायला फडकं सापडेना. शोधलं नाही असं नाही.

रात्री ८.
लिहितो. क्रमाने लिहितो.
दहाला साहेब आला, बायको आणि दोन मुली घेऊन. फळा वाचला, वेळ आहे म्हणाला, आत आला. मागोमाग आणखी पंधराजण. मी भाषण सुरू केलं. तिकडे साडू रिकाम्या ट्रॉलीवर बसून राहिला असणार. अकराला तो हॅट हातात घेऊन धावत आला, पाणी चढायच्या आत चला, असं बाहेरून म्हणत होता. मी दाराला आतून कडी घालून तीनशे बाराव्या शिंपल्यावर होतो. खिडकीतून हातवारे करत होता. मी पडदा ओढला आणि आवाज चढवला.
साडेबाराला सगळे किनाऱ्यावर गेले. वाट पाण्याखाली. साहेबाची धाकटी मुलगी जहाजासाठी रडायला लागली.
साडू पुढे होऊन म्हणाला, वेळ माझ्याकडूनच चुकीची सांगितली गेली असेल, तुम्ही उद्या या, मी स्वतः नेतो.
साहेब परत फाटकाशी आला, फळ्याकडे बघितलं. मग आत येऊन शिंपल्यांखालच्या चिठ्ठ्यांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. अक्षर छान आहे, म्हणाला.
मला वाटतं, छाप पडली.

१९ एप्रिल.
साहेब सहकुटुंब जहाज बघून गेला. मुलगी ट्रॉलीत साडूची हॅट घालून बसली होती. मी बघितलं नाही. हिने सांगितलं.
ही आज माझ्याशी एवढंच बोलली.

२९ एप्रिल.
निकालाचं पत्र आलं. माझ्या नावावर कसं, म्हणून उघडलं. सोबत मूळ अर्जाची प्रत, त्या दिवशी मी न वाचलेला कागद. अर्जदार दोन: साडू आणि मी. माझ्या जागी हिची सही. साडूच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं: ‘भरती असली की आमचे पाव्हणे माझ्या साडूंच्या संग्रहालयात थांबतात. ते फार सुंदर आहे. बोर्डावर त्याचं नाव वर घालावं.’
म्हणजे ती सव्वीस माणसं भरती ओसरायची वाट बघत होती.
खाली साहेबाचा शेरा. जहाज-सफर: मंजूर. अर्जदाराच्या घरचं स्वच्छतागृह: अत्यंत स्वच्छ, मंजूर. संग्रहालय: नामंजूर. वेळेच्या बाबतीत विश्वास ठेवण्याजोगं नाही.
चौतीस वर्षं. दहाच्या ठोक्याला.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लाज वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

३ मे.
काल कचेरीने कोरा पत्रा पाठवला. साडू रंगाचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, तुमच्याशिवाय कोण लिहिणार. फळ्याबद्दल तेव्हाही अवाक्षर नाही. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
बोर्ड रंगवला. वर जहाज-सफर. खाली स्वच्छतागृह, बाण आमच्या घराकडे. आज सकाळी फाट्यावर ठोकून आलो. दुपारपर्यंत नऊजण आले. सगळे बोर्ड वाचून आले होते. शिंपल्यांकडे कोणी बघितलं नाही. एका बाईंनी विचारलं, बोर्डावरचं अक्षर कोणाचं. माझं, म्हटलं. हिने आतून ऐकलं आणि चहा आणून ठेवला.
उद्याची ओहोटी ११:३५. फळ्यावर लिहिली. तक्त्याशी दोनदा ताडून पाहिली.